महिन्याला किती विमानं?

तुलूझच्या आकाशात देवमासा उडतो, असं भाच्यानं सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे संशयानंच पाहिलं. थापा मारायची खोड त्याला लहानपणापासून आहे. पण ब्लान्याक विमानतळाच्या कुंपणापाशी उभे असताना तो खरंच आला. फुगलेलं टपोरं कपाळ, रंगवलेले डोळे, नाकाखाली रंगवलेलं हसू. ६३ मीटर लांबीचं ते अगडबंब धूड धावपट्टीवर अलगद टेकलं.

"मामा, याच्या पोटात काय असेल?"

"प्रवासी. दुसरं काय?"

"वैमानिक सोडले तर माणूस नाही. दुसऱ्या विमानाचे पंख असतील नाहीतर धड."

याचं नाव बेलुगा एक्सएल. युरोपभर विखुरलेल्या कारखान्यांतून एअरबसच्या विमानांचे अवयव गोळा करून आणायचे, एवढंच त्याचं काम. ए-३२० जातीच्या विमानाचे पंख वेल्समधल्या ब्रॉटनला होतात, पुढचं धड अटलांटिकच्या काठी सेंत-नाझेरला, मागचं हॅम्बुर्गला, शेपटीचा उभा भाग जर्मनीत श्टाडेला आणि आडवा स्पेनमध्ये हेटाफेला. गारोन नदीकाठच्या, विटांच्या गुलाबी भिंतींच्या या फ्रेंच शहरात त्यांची फक्त जुळणी होते. विमानांची राजधानी म्हणून ज्याची ख्याती, त्या तुलूझमध्ये अख्खं विमान असं बनतच नाही!

उभी हयात भोसरीच्या एमआयडीसीत काढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. गाडीचे सुटे भाग दहा व्हेंडरांकडून येतात हे ठाऊक होतं, पण पंख?

कारखाना पाहायचा तर पासपोर्टाचा तपशील आगाऊ द्यावा लागतो आणि आत फोटो काढायला मनाई. लागार्देर हॉल ४९० मीटर लांब, २५० मीटर रुंद, ४६ मीटर उंच आहे. तो बांधला दुमजली ए-३८० साठी. त्या महाकाय विमानाचं पहिलं उड्डाण २७ एप्रिल २००५ ला याच शहरातून झालं आणि अवघी २५१ विमानं देऊन २०२१ च्या डिसेंबरात तो खेळ आटोपला. एवढी मोठी विमानं घ्यायला गिऱ्हाइकंच उरली नाहीत. मग हत्तीसाठी बांधलेल्या या वाड्यात २०२३ पासून ए-३२१ ची जुळणी सुरू झाली. ए-३२१ म्हणजे आपल्याकडे इंडिगोत बसतो त्या जातीचं सडपातळ, लांबोडकं विमान. इंडिगोनं २०२३ च्या जूनमध्ये या कुळातल्या ५०० विमानांची ऑर्डर एका झटक्यात दिली होती.

गॅलरीतून खाली पाहिलं आणि मी आधी आवाज शोधला. प्रेसशॉपची दणदण नाही, घणांचे घाव नाहीत. हिरवट-पिवळ्या प्रायमरातली उघडी धडं ओळीनं उभी, भोवती मचाण, आणि मचाणावर माणसं शांतपणे भोकं पाडताहेत, रिव्हेट मारताहेत. गंमत अशी की अंगावर रंगाचा पत्ता नाही, पण शेपटी मात्र आधीच गिऱ्हाइकाच्या रंगात नटलेली. शेपटीच्या सुकाणूचा तोल रंगाच्या वजनासकट साधावा लागतो, म्हणून तिला आधी रंगवतात. त्यामुळे जन्मायच्या आधीच कळतं, हे लेकरू कुणाच्या घरी जाणार.

शेजारच्या एरोस्कोपिया संग्रहालयात ए-३८० उभं आहे. त्याचे सुटे भाग सुमारे ४० लाख. ते ३० देशांतल्या दीड हजार कंपन्यांनी पुरवलेले. तिथंच बेलुगाचा पूर्वज 'सुपर गप्पी'ही आहे. तो मुळात एका जुन्या बोईंगवरून बेतलेला. म्हणून त्या काळी चेष्टा चाले, की प्रत्येक एअरबस बोईंगच्या पंखांवर बसून जन्माला येते.

पण या शहराचा खरा जीव एका आकड्यात आहे. आपल्याकडे जुलैत कोयनेत पाणी किती टीएमसी झालं हे जसं सगळे विचारतात, तसं इथं महिन्याला किती विमानं निघतात हे विचारतात. कॅफेवाल्यालाही ते ठाऊक असतं आणि घरं विकणाऱ्यालाही. ए-३२० कुळाचा हा आकडा २०१९ मध्ये साठाच्या घरात होता. कोविड आला आणि तो चाळिसावर उतरला. २०१९ ला ८६३ विमानं गिऱ्हाइकांच्या हाती गेली होती, २०२० ला ५६६. कंपनीनं जगभरातल्या १५,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. त्यांतल्या पाचेक हजार फ्रान्समधल्या. सरकारनं १५ अब्ज युरोंची मदत योजना आणली. गावात तेव्हा डेट्रॉइटचं नाव घेतलं जाई : एकाच धंद्यावर पोसलेलं शहर तो धंदा आजारी पडला की कसं ओस पडतं, त्याचा दाखला म्हणून.

मग वारं फिरलं. प्रवासी परतले, ऑर्डरींचा पूर आला. २०२३ मध्ये ७३५ विमानं गेली, २०२४ मध्ये ७६६. तरी त्या वर्षाअखेर ८,६०० हून अधिक विमानं द्यायची बाकी होती. म्हणजे आजच्या चालीनं दहा वर्षांहून जास्त काम. एकट्या २०२३ मध्ये कंपनीनं १३,००० माणसं घेतली. २०२७ पर्यंत महिन्याला ए-३२० कुळातली ७५ विमानं, हे तेव्हाचं लक्ष्य होतं.

"मग झालं की! आता ददात कसली?" मी म्हटलं.

भाच्यानं दूरवर उभी असलेली काही नवीकोरी विमानं दाखवली. रंगरंगोटी झालेली, खुर्च्या बसवलेल्या. पंखांखाली मात्र इंजिनं नाहीत! इथं त्यांना ग्लायडर म्हणतात. इंजिन बनवणाऱ्यांनाच त्यांचे ओतीव आणि घडीव भाग वेळेवर मिळेनात, म्हणून विमानं खोळंबलेली. २०२५ च्या जूनअखेर अशी ६० विमानं होती. किमतीचा मोठा हिस्सा विमान ताब्यात देतानाच मिळतो. म्हणजे ६० विमानांचा पैसा उन्हात वाळत पडला होता. व्हेंडरकडून दोन बुश आले नाहीत म्हणून अख्खी लाइन थांबल्याचं मी भोसरीत पाहिलं आहे. तोच रोग, फक्त शून्यं वाढलेली.

हा रोग जिथं उगम पावतो तिथं जायचं म्हणून आम्ही आगगाडीनं फिजाकला गेलो. लो परगण्याच्या डोंगरांतलं हे चिमुकलं मध्ययुगीन गाव. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शाँपोलिओं इथलाच. त्याच्या घराशेजारच्या चौकात रोझेटा शिळेची एवढी प्रचंड प्रतिकृती आडवी घातली आहे की अक्षरांवरून चालत जावं. आणि १९०४ मध्ये स्थापन झालेली रातिए कंपनी याच गावात आहे. ए-४०० एम या लष्करी विमानाचे पंखे तिथं होतात. १९८९ पासून फिजाक एरो ही कंपनीही आहे. आजूबाजूच्या खोऱ्यांतून यंत्रकामाच्या शेडी पसरलेल्या. या साऱ्या टापूला 'मेकॅनिक व्हॅली' असं नाव पडलंय.

भाच्याच्या ओळखीच्या एका छोट्या शेडमध्ये आम्हाला आत घेतलं. पाच अक्षांच्या मशिनवर अॅल्युमिनियमचा माणूसभर ठोकळा चढवलेला. पांढऱ्या कूलंटच्या धारेखाली कटर फिरत होता आणि चकचकीत कीस धो धो खाली पडत होता. अशा कामात कधी कधी नव्वद टक्के धातूचा कीस होतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांची बरगडी विमानात जाते. कीसही मिश्रधातूप्रमाणे वेगवेगळ्या पिंपांत, कारण तो परत विकला जातो. तयार बरगडी मी उचलली. हातात आहे की नाही कळेना. तिच्यासोबतची फाइल मात्र जड होती. धातू कुठल्या ओतातला, मशिनवर कोण होतं, कुणी मोजलं, सगळं त्यात नोंदलेलं.

मालक साठीचे, बोटांच्या पेरांत तेलाचा काळसरपणा मुरलेला. आधी काम नव्हतं म्हणून झोप येत नव्हती, आता काम आहे म्हणून येत नाही, असं ते सांगत होते. कोविडात सरकारी हमीवर घेतलेलं कर्ज अजून फिटायचं आहे. आणि महिन्याचा आकडा चढला की धातू आधी विकत घ्यायचा, मशीन आधी मांडायचं, पैसे मात्र मागाहून यायचे. शिवाय माणसं! २०२० मध्ये गेलेले जुने कारागीर परतले नाहीत. काही निवृत्त झाले, काहींनी दुसरे धंदे धरले. नवा मुलगा मशिनवर एकट्यानं सोडण्याजोगा व्हायला काही वर्षं जातात. दहा वर्षांचं काम समोर दिसतंय आणि बँक पुढच्या तिमाहीचं विचारते, हे बोलताना ते हसले, पण हसण्यात कडवटपणा होता.

मी बेळगावचं नाव काढलं, तर त्यांना ते ठाऊक होतं! बेळगावजवळ हत्तरगीला एक्वस कंपनीच्या वसाहतीत एअरबससाठी भाग बनतात. त्या कंपनीनं फ्रान्समधला एक यंत्रकाम-समूहही विकत घेतला आहे. एअरबस भारतातून वर्षाला १ अब्ज डॉलरहून अधिक माल घेते आणि २०३० पर्यंत तो २ अब्जांवर न्यायचा म्हणते. ए-३२० च्या मालवाहू दारांचं काम टाटांकडे आहे, ए-२२० च्या दारांचं बंगळूरच्या डायनामॅटिककडे. सध्या ऑर्डरींचा पूर एवढा मोठा आहे की फिजाकच्या शेडलाही पाणी पुरतं आणि बेळगावच्याही. ओसरेल तेव्हा आधी कुणाचा पाट आटेल, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगू शकलो नसतो.

परतीच्या गाडीत भाचा नागपूरचं बोलत होता. मिहानमध्ये दासो आणि रिलायन्सच्या कारखान्यात २०२८ पर्यंत अख्खं फाल्कन २००० विमान जुळवून बाहेर काढायचं ठरलं आहे. त्या हॉलचे फोटो छापून येतील, फिती कापल्या जातील, ते व्हावंच. पण तुलूझ पाहून आलेला माणूस म्हणून मी हॉलची लांबी विचारणार नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरीत आणि हिंगण्यात पाच अक्षांची मशिनं किती लागली, त्यांवर आयटीआयची किती पोरं उभी राहिली, आणि मालाचे पैसे येईपर्यंत कळ काढणारी बँक त्यांना मिळाली का, एवढं विचारीन. तीन उत्तरं चांगली आली, तर हॉल आपोआप भरेल.