मशीनच्या खणातल्या दोन वाट्या

गेल्या पावसाळ्यात मम्मीने बेळगावातल्या एका जुन्या सामानवाल्याकडून पायाने चालवायचं शिलाई मशीन घेतलं. पुसायला म्हणून मी त्याचा खण पूर्ण बाहेर ओढला, तर मागच्या फळीला खिळ्यावर अडकवलेली कापडी पुरचुंडी हाताला लागली. आत सोन्याच्या दोन वाट्या आणि थोडे काळे मणी. कुणाचं तरी मंगळसूत्र.

खरं सांगते, माझ्या डोक्यात आधी परीक्षेची फी आली. म्हटलं, "मशीन आपण विकत घेतलंय, मग आतलंही आपलंच ना?"

मम्मी म्हणाली, "पैसे मशीनचे दिलेत. ह्याचे कधी दिले?"

माझा मावसभाऊ लॉ करतो. त्याने १८४१ चा इंग्लंडमधला मेरी विरुद्ध ग्रीन हा खटला सांगितला. एकाने लिलावात जुनं मेज घेतलं, त्याच्या चोरकप्प्यात पैशांची थैली निघाली. कोर्टाचं म्हणणं असं, की थैली आहे हे विकणाऱ्याला माहीतच नव्हतं, म्हणजे त्याने फक्त मेज विकलं. 'आतल्या सगळ्यासकट' असा सौदा असता तर गोष्ट वेगळी. आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७१ सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी टाकतं.

मला मात्र मत्तयच्या तेराव्या अध्यायातला तो माणूस आठवत होता. शेतात ठेव सापडते, तो ती पुन्हा लपवतो आणि सगळं विकून ते शेत घेतो. त्याने मालकाला सांगितलं का? फादरना विचारलं, तर ते हसले. "तो दाखला स्वर्गाच्या राज्याचं मोल सांगतो गं, व्यवहार शिकवत नाही."

सामानवाला म्हणाला, "द्या इकडे, मी पोचवतो." मम्मीने वाट्या दिल्या नाहीत, फक्त पत्ता घेतला.

शहापुरातल्या त्या घरी दार सुनेने उघडलं. पुरचुंडी बघून ती उंबऱ्यातच खाली बसली. सासूबाईंनी नवरा गेल्यावर मंगळसूत्र काढून कुठंतरी ठेवलं होतं, आणि शेवटी शेवटी त्यांना काहीच आठवत नव्हतं. "सहा वर्षं ह्या घरात मी चोर होते हो, ताई," ती मम्मीला म्हणाली.

मी वाट्यांचा भाव काढत बसले होते. त्यांच्याबरोबर कुणाची अब्रूही त्या खणात अडकली असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

फी मम्मीने ब्लाउज शिवून दोन हप्त्यांत भरली.