बेसचा बॉक्स उघडताना

बेस गिटार वाजवणारी मंडळी माझ्या वर्कशॉपमध्ये येतात ती बहुधा दोन तक्रारी घेऊन. पहिली, "दादा, आवाज नुसता घुमतो, सूर कळत नाही." दुसरी, "बॉक्स उचलवत नाही." पहिली तावातावाने सांगतात, दुसरी जाता जाता. आवाज हवा तर वजन सोसायलाच हवं, अशी त्यांची पक्की समजूत असते. मला ती मान्य नाही. बेसच्या कॅबिनेटमध्ये आवाज सुधारणारी आणि वजन उतरवणारी कामं बहुतेक वेळा एकाच हिशोबातून निघतात. हा हिशोब वाजवणाऱ्यांना समजला तर नवा बॉक्स घेण्याचा खर्चही पुष्कळदा वाचेल, म्हणून हे लिहितो आहे.

जड बॉक्सचा दरारा जुना आहे. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बेसमन हा अ‍ॅम्प्लिफायर. १९६९ साली अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला. तीनशे वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्याबरोबर दहा इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. या कॅबिनेटच्या पुढच्या काळातल्या आवृत्तीचं वजन सुमारे ६३ किलो भरतं. रॉक बेसचा आवाज म्हणजे हा आवाज, असं ठरून गेलं. पण त्याचे आकडे पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. हे कॅबिनेट पूर्ण बंद आहे, आत चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन स्पीकर. कंपनीच्याच आकड्यांनुसार ५८ हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरू लागतो. बेसची सर्वांत जाड, ई ची तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. म्हणजे जगभर नावाजलेल्या या बॉक्समधून तो मूळ सूर बराच दबलेला येतो. ८२, १२३ हे त्याच्या वरचे स्वरांश स्वच्छ आले की खालचा सूर आपला कान स्वतः भरून घेतो. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आपण लहानशा रेडिओवर ऐकला तरी ओळखला, तो याच कारणाने. तेव्हा चांगला बेस म्हणजे सर्वांत खोल बेस, हे डोक्यातून काढायला हवं. तार थांबली की बॉक्सही थांबला पाहिजे, हे त्याहून महत्त्वाचं.

आणि बॉक्स थांबत नाही तो लाकडामुळे. "लाकूड गायला हवं ना?" असं मला नेहमी विचारतात. तंबोऱ्याची आणि सतारीची तबली, व्हायोलिनची पाठ, या सगळ्यांनी गायलाच हवं, कारण तिथे लाकूड हेच वाद्य आहे. स्पीकरच्या बॉक्सचं काम याच्या उलट. तिथे हलायचं ते कोनने, म्हणजे स्पीकरच्या पडद्याने, बाकी सगळ्यांनी गप्प राहायचं. दहा इंची चार स्पीकरचा बॉक्स धरा. त्यातल्या कोनचं एकूण क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस सेंटिमीटर होतं. त्याच बॉक्सची एक बाजू ६० बाय ४५ सेंटिमीटरची धरली तर २,७०० चौरस सेंटिमीटर. ही एवढी मोठी फळी केसभर जरी हलली तरी तिचा आवाज कोनच्या आवाजात मिसळतो, आणि तो कोन थांबल्यावरही काही क्षण चालू राहतो. हाच तो घुमारा. बाजूच्या फळीवर मधोमध बोटाच्या पेराने ठोकून पाहा, "ढब्ब" असा लांबणारा आवाज येतो. कोपऱ्याजवळ ठोका, "टक्" असा आखूड येतो. मधल्या भागातूनही कोपऱ्यासारखा आवाज काढणं, हे माझं पहिलं काम.

याला सोपा वाटणारा उपाय म्हणजे जाड प्लाय. पण हिशोब करून पाहा. फळीचा स्वतःचा घुमण्याचा सूर तिच्या जाडीच्या प्रमाणात वर जातो. बारा मिलिमीटरऐवजी अठरा मिलिमीटर घेतला तर दीडपट, आणि वजनही दीडपट. आता पातळच फळी घेऊन तिला मधोमध आडवा टेकू दिला, तर चौकोनी फळीचा तोच सूर साधारण अडीचपट वर जातो. टेकू दिलेली बारा मिलिमीटरची फळी टेकू नसलेल्या अठरा मिलिमीटरच्या फळीपेक्षा शांत राहते, आणि वजन एक तृतीयांशाने कमी. साठ बाय साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या बॉक्समध्ये हा फरक सातेक किलोंचा होतो. शिवाय घुमण्याचा सूर जितका वर जातो तितकी त्याला चेतवायला ताकद जास्त लागते आणि तो लवकर विझतो. म्हणून मी वजन वाढवण्याच्या मागे लागत नाही, ताठपणा वाढवतो.

आलेला बॉक्स तयार असतो, त्याच्या बाजू काही बदलता येत नाहीत. पण टेकू आतून देता येतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चांगल्या प्लायचे तुकडे आणून मी अठरा मिलिमीटर जाड, चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या काढतो. एक पट्टी डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत, एक वरून खाली, आणि एक पुढच्या फळीच्या मध्यापासून, म्हणजे चार स्पीकरच्या मधल्या चौकातून, थेट मागच्या फळीपर्यंत. जिथे तिन्ही भेटतात तिथे फेविकॉल लावून स्क्रूने आवळायच्या. पट्टी बरोबर मापाची हवी. ठोकून बसवावी लागली तर ती फळीला बाहेर ढकलते, आणि सैल राहिली तर तीच खडखडते. टेकू अगदी मधोमध न देता थोडा बाजूला सरकवला तर फळीचे दोन भाग वेगवेगळ्या सुरात बोलतात आणि एकमेकांना साथ देत नाहीत. तिन्ही पट्ट्यांचं मिळून वजन एक किलोच्या आसपास. मागची फळी एमडीएफची असेल तर ती काढून बारा मिलिमीटरच्या प्लायची टेकूवाली बसवतो, त्यात हे किलोभर वजन वसूल होऊन वर थोडं उरतंही.

मग गळती. बॉक्समधून हवा नको तिथून निसटली की फुरफुर, शिट्टी आणि ढिला बेस, तिन्ही एकदम येतात. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घेऊन चाळीस-पंचेचाळीस हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात सोडायचा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. जिथे गळती असते तिथे धुराची सरळ रेघ थरथरायला लागते. बहुतेक वेळा चोर सापडतो तो खोबणीच्या हँडलमागच्या प्लास्टिकच्या वाटीत किंवा जॅकच्या पट्टीत. तिथे फोमची पट्टी लावायची आणि लाकडाच्या सांध्यांत आतून फेविकॉलची धार फिरवायची. दहा-वीस रुपयांच्या सामानात होणारं हे काम कित्येक महागड्या बॉक्सना नवा आवाज देऊन गेलं आहे.

आता पोर्ट, म्हणजे पुढच्या फळीला असलेलं भोक किंवा नळी. या भागात माझा जीव सर्वांत जास्त रमतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठराविक सूर निघतो. बाटलीतल्या हवेची स्प्रिंग आणि गळ्यातल्या हवेचं वजन मिळून तो ठरतो. पोर्टचं गणित हेच. बंद बॉक्समध्ये कोनच्या मागचा आवाज वाया जातो, पोर्ट त्यातला खालचा पट्टा उचलून पुढे आणतो. ऑस्ट्रेलियातले इंजिनिअर नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात हे गणित असं मांडून ठेवलं की आजही प्रत्येक स्पीकरच्या कागदावर त्या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे छापलेले असतात.

वर सांगितलेल्या मापाच्या बॉक्समध्ये स्पीकर आणि पट्ट्या वजा जाता सुमारे १२० लिटर हवा राहते. पुष्कळ बॉक्सना पोर्ट म्हणून अठरा मिलिमीटरच्या फळीत दोन गोल भोकं असतात, बस. साधारण दहा सेंटिमीटर व्यासाची भोकं असतील तर असा बॉक्स ६२ हर्ट्झच्या आसपास लागतो. त्या सुराजवळचे दोन-तीन स्वर फुगतात आणि खालचे एकदम कोसळतात. "सूर कळत नाही" ही तक्रार पुष्कळदा इथली असते. प्लंबिंगच्या दुकानात मिळणाऱ्या ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपचे नऊ-नऊ सेंटिमीटरचे दोन तुकडे, भोकं त्यांच्या मापाची मोठी करून, त्यांत बसवले की तोच बॉक्स ५० हर्ट्झवर येतो. नळीचं तोंड कानशीने गोल करायचं, नाहीतर जोरात वाजवताना हवा फसफसते.

हे बसलं की नाही हे पाहण्यासाठी फार यंत्रं लागत नाहीत. अ‍ॅपवर सूर सत्तर हर्ट्झवरून हळूहळू खाली आणायचा आणि कोनवर टॉर्चचा उजेड तिरपा टाकायचा. साठला कोन स्पष्ट हलताना दिसतो. पन्नासजवळ येताना त्याची हालचाल कमी कमी होत जाते आणि एका जागी तो जवळजवळ स्थिर उभा राहतो, पण पोर्टसमोर धरलेली कागदाची पट्टी मात्र जोरात फडफडत असते. तोच बॉक्सचा सूर. आणखी खाली, चाळीसकडे गेलं की कोन पुन्हा हलू लागतो, आणि या वेळी बेफाम, कारण पोर्टच्या सुराखाली बॉक्समधली हवा कोनला आवरत नाही.

स्पीकर मरतात ते इथे. मागे छापलेले वॉट हे कॉइल किती उष्णता सोसेल याचे असतात. कोनची धाव त्याच्या किती तरी आधी संपते. पाच तारांच्या बेसवर बी ची तार ३१ हर्ट्झची, तिने हे सर्वांत लवकर घडतं. म्हणून जास्त वॉटचे स्पीकर घालण्याआधी मी ३५-४० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर वापरायला सांगतो. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो असतोच, नसेल तर छोट्या पेडलच्या रूपात मिळतो. जे ऐकू येत नव्हतं आणि फक्त कोन हलवत होतं, ते गाळलं जातं. त्याच स्पीकरमधून आवाज जास्त मोठा आणि मोकळा निघू लागतो.

स्पीकर बदलायची वेळ सगळ्यात शेवटी. फेराइट मॅग्नेटच्या जागी निओडिमियम मॅग्नेटचे स्पीकर घेतले तर दर स्पीकरमागे दोन-अडीच किलो वाचतात, चारांचे मिळून आठ ते दहा. पाठीसाठी हा मोठा दिलासा आहे. पण ते महाग असतात, आणि थील-स्मॉलचे आकडे १२० लिटरशी जुळले नाहीत तर पोर्टवर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून खरेदीच्या आधी कागद मागवा. आणि ओहम पाहा: आठ ओहमचे चार स्पीकर दोन-दोनच्या जोड्यांत सिरीज-पॅरलल जोडले की पुन्हा आठच ओहम होतात, चारही पॅरललमध्ये जोडले तर दोन, आणि दोन ओहमवर बरेच अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतात. जोडल्यावर बॉक्सच्या जॅकला पेन्सिल सेल लावून चारही कोन एकाच दिशेला सरकतात ना, हे बघायचं. एक जरी उलटा असेल तर तो दुसऱ्या एकाचं काम खाऊन टाकतो.

उचलण्याबद्दल थोडं. पुण्या-मुंबईतल्या सभागृहांत स्टेजच्या मागच्या पायऱ्या अरुंद असतात आणि लिफ्ट असलीच तर बंद. दोन बाजूंची हँडल्स पुष्कळदा फळीच्या अगदी मधोमध असतात, पण वजन मॅग्नेटमुळे पुढच्या बाजूला झुकलेलं असतं. म्हणून उचलला की बॉक्स पुढे कलतो आणि मनगट मोडतं. जमिनीवर पाइपचा एक तुकडा ठेवून बॉक्स त्यावर पुढेमागे सरकवला की तोलाची रेघ सापडते, हँडल त्या रेघेवर घ्यायचं. जुनं भोक आतून प्लायने बुजवून टाकायचं. चाकं मी खालच्या चार कोपऱ्यांना लावत नाही, मागच्या कडेला दोनच लावतो. बॉक्स कलता केला की चालतो, उभा ठेवला की रबरी पायांवर पक्का बसतो, आणि वाजताना चाकांची किरकिर नाही.

स्टेजवर ठेवण्याची एक साधी गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. दोन-दोन स्पीकरचे दोन बॉक्स असतील तर ते आडवे ठेवू नका, एकावर एक उभे रचा. शेजारी-शेजारी असलेल्या दोन स्पीकरचा आवाज बाजूला बसलेल्या माणसाकडे वेगवेगळं अंतर कापून जातो आणि सहा-सातशे हर्ट्झच्या पुढे एकमेकाला कापत जातो. बोटांचा स्पर्श आणि तारेची धार तिथेच असते. ड्रमर आणि गायक तुमच्या बाजूलाच उभे असतात. उभ्या रचनेत तो आवाज बाजूला नीट पसरतो आणि वरचा स्पीकर तुमच्या स्वतःच्या कानाजवळही येतो.

काम झालं की बॉक्स ताब्यात देताना मी महिन्याभराने पुन्हा घेऊन यायला सांगतो. स्पीकरखालची गॅस्केट नवी असते, ती वाजवून वाजवून दबते आणि बोल्ट सैल होतात. कोकणात आणि गोव्यात नेऊन आणलेल्या बॉक्सचा प्लायही दमट हवेने थोडा फुगलेला असतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे-थोडे, हाताच्या पान्यानेच आवळायचे. ड्रिल मशीन लावलं तर मागचं टी-नट फिरतं आणि स्पीकरची फ्रेम पीळ खाते. मग कॉइल घासायला लागते आणि तो स्पीकर पुन्हा उतरवून सरळ बसवावा लागतो.