डोंगराचे दोन उतार

माझे गाव देवगाव रंगारी. ते कन्नड तालुक्यात आहे. आमच्या भागात काळी जमीन, कापूस आणि मक्याची शेते. डोंगर पाहायचा तर कन्नडच्या पुढे जावे लागते. माझे मामू त्या डोंगराच्या पायथ्याशी राहत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाई आणि त्यांच्याबरोबर बकऱ्या चारी.

१९८६ साली या डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य झाले. पुढे एकदा वनरक्षकाने आमच्या बकऱ्या अडवल्या. "आत चराईला बंदी आहे," तो म्हणाला. आम्ही मुकाट्याने परत फिरलो. मामूंनी त्या वर्षी निम्म्या बकऱ्या विकल्या. मामी रात्रभर रडत होत्या. मला फार राग आला. "जंगल वाचवायचे, मग आपण काय खायचे?" मी मामूंना विचारले. ते काहीच बोलले नाहीत.

पावसाळ्यात ते मला घाटमाथ्यावर घेऊन गेले. औट्रम नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यावरून या घाटाला नाव पडले आहे. समोर खाली खानदेशचा सपाट मुलूख दिसत होता. पाऊस नुकताच थांबला होता.

"बेटा, पाणी कुठे जाते ते बघ," मामू म्हणाले. "आपल्या बाजूचे पाणी शिवनेतून गोदावरीला जाते. पलीकडचे गिरणेतून तापीला जाते. ढग एकच, पण तो दोन मुलखांना पाणी पाजतो. झाडे तुटली तर माती वाहून जाईल. मग तुमच्या देवगावच्या विहिरींना पाणी कुठून येणार?"

तेव्हा मला एक गोष्ट समजली. हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. त्याचा काही भाग आमच्या जिल्ह्यात आणि काही जळगाव जिल्ह्यात आहे. कन्नडकरांनी झाडे राखली आणि चाळीसगावकरांनी तोडली, तर अर्धा डोंगर उघडा पडेल. बिबट्याला आणि अस्वलाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. म्हणून राखण दोघांनी मिळून करायला हवी.

आज सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडून माणसे इथे फिरायला येतात. कोणी पितळखोऱ्याची प्राचीन लेणी पाहतो, कोणी पाटणादेवीला जातो, कोणी धबधब्याखाली भिजतो. आनंद सर्वांचा आहे. पण त्याची किंमत पायथ्याच्या लोकांनी आधी मोजली आहे. हे विसरून आपण तिथे प्लास्टिकच्या पिशव्या टाकून यावे काय? रान राखणाऱ्या गावांना त्या आनंदात वाटा मिळायला नको काय?

२०२१ साली एक नवल घडले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ, कित्येक जिल्हे ओलांडून, गौताळ्यात आला. वनखात्याच्या कॅमेऱ्यात तो दिसला. आमच्या डोंगरात कित्येक वर्षांनी वाघ आला होता! मी ती बातमी मामूंना वाचून दाखवली. आता ते थकले आहेत. दारात एकच बकरी बांधलेली असते.

ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "आपल्या बकऱ्यांनी सोडलेले गवत हरणांनी खाल्ले आणि हरणांच्या मागे वाघ आला. म्हणजे बेटा, त्या वाघात थोडा हिस्सा माझाही आहे."