खडकीची पुंगळी

गेल्या भाद्रपदात आमच्या धाकट्या भगिनीने आमच्यावर एक अवघड कामगिरी सोपविली. तिचा चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाला आहे. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी रायफल त्याने तेथे विकत घेतली असून दर रविवारी तो नेमबाजीच्या मैदानावर ती चालवितो, हे कळल्यापासून भगिनीच्या डोळ्यास डोळा नव्हता. "दादा, तो तुझे ऐकतो. आपल्या घरात बंदूक कशाला? त्याला चार शब्द लिही," असे तिने आम्हांस विनविले.

आम्ही होकार दिला; परंतु जन्मभर शिक्षकी केल्यामुळे विषय समजून घेतल्यावाचून निकाल देण्यास आमचे मन घेत नाही. भाच्याकडे माहिती मागविली. त्याचे सविस्तर उत्तर आले. रायफल ली-एनफील्ड जातीची, ३०३ बोअरची, बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात १९४२ साली घडलेली. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहून ओल धरतो व गंज चढतो. म्हणून नेमबाजी आटोपताच तो नळी उकळत्या पाण्याने धुतो. हे वाचून भगिनी म्हणाली, "येथे असता स्वतःचा चहाचा पेला कधी विसळला नाही!"

सोबत एका रिकाम्या पुंगळीचे छायाचित्र होते. तिच्या पितळी बुडावर के आणि एफ ही दोन इंग्रजी अक्षरे उठलेली. "मामा, ही अक्षरे म्हणजे आपली खडकी. इकडचे जुन्या रायफलींचे शौकीन ती पाहताच ओळखतात," असे त्याने लिहिले होते. इंग्रज खडकीस 'किर्की' म्हणत, हे आम्हांस ठाऊक होते. पण साता समुद्रांपलीकडे आपल्या गावाची अशी ओळख असेल, हे पुण्यात सारा जन्म काढूनही ठाऊक नव्हते. यास्तव एके दिवशी सकाळीच छत्री घेऊन आम्ही निघालो.

प्रथम शुक्रवार पेठेतील राजा केळकर संग्रहालयात गेलो. 'अज्ञातवासी' या नावाने काव्य लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून हा संग्रह जमविला, बालपणीच निवर्तलेल्या पुत्राचे नाव त्यास दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तेथे दिवे, अडकित्ते आणि वाद्ये यांच्याच पंक्तीत शस्त्रे मांडलेली आहेत. बंदुकीची दारू ठेवण्याच्या पात्रांवरील नक्षी पाहताना ती कशासाठी घडली याचा क्षणभर विसर पडतो. संग्राहकास मोह पडतो तो कारागिराच्या हाताचा, हे आम्हांस तेथे उमगले.

तेथून बसने खडकी गाठली. ज्या खडकीच्या रणावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज इंग्रजांशी झुंजली, त्याच खडकीत १८६९ साली इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना उभारला. तो आजही चालू आहे. आत जाण्याची अर्थातच सोय नाही. भिंतीबाहेरून पाहून आम्ही पुढे युद्धस्मशानभूमीत गेलो. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक सैनिक तेथे विसावले आहेत. हिरवळीवर शुभ्र शिळांच्या सरळ ओळी. कित्येकांवर कोरलेली वये आमच्या शेवटच्या वर्गातील विद्यार्थ्यांहून फार मोठी नव्हती. धनुर्वेदात यंत्राने सुटणाऱ्या शस्त्रांस 'यंत्रमुक्त' म्हटले आहे. सुटलेले शस्त्र यंत्रातून मुक्त होते, सोडणारा मात्र त्याच्या परिणामातून मुक्त होत नाही, असे तेथे उभे असता वाटले.

आपल्याकडे हा छंद जवळजवळ अशक्यच. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. ३०३ तर निषिद्ध बोअर, सामान्य परवान्यावर ती मिळत नाही. म्हणूनच नागरिकांकरिता ईशापूरला ३१५ बोअरची रायफल होऊ लागली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास दोनच शस्त्रे बाळगता येतात. हे बंधन आम्हांस जाचक वाटत नाही. परंतु जेथे कायद्याने मुभा आहे, तेथे एखाद्याने जुने यंत्र जिव्हाळ्याने जपले, तर त्यास क्रूर का म्हणावे?

रात्री भाच्यास लिहिले: "चि. बाळास अनेक आशीर्वाद. तुझा छंद सोड, असे आम्ही सांगत नाही. मात्र रायफलीचा बोल्ट व काडतुसे निरनिराळी, कुलुपात ठेव. घरात ती कधीही भरू नकोस. आणि पुढल्या खेपेस आलास की आमच्याबरोबर खडकीस चल. पुंगळी जेथे घडली ते स्थळ पाहा, आणि मग त्या शिळांवरील वये वाच."

खंडेनवमीस त्याच्याकडून छायाचित्र आले. पाटावर आजोबांच्या पोथ्या, शेजारी बोल्ट काढून ठेवलेली रायफल, वर झेंडूची दोन फुले. भगिनीने ते बराच वेळ निरखिले. "बरे केले" असे ती अद्याप म्हणालेली नाही. एवढेच म्हणाली, "गंध मात्र नीट लावले आहे हो मेल्याने." त्या रात्री तिला झोप लागली, असे आमचे मेहुणे सांगतात.