टाकीचे घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन लूथर किंग यांच्याबद्दल किती सहज म्हणता येतं. घरावर बॉम्ब पडला, छातीत सुरी खुपसली गेली, तुरुंगवाऱ्या झाल्या, आणि 4 एप्रिल 1968 ला मेम्फिसमध्ये वयाच्या 39व्या वर्षी गोळी लागली. आता वॉशिंग्टनमध्ये त्यांचा 30 फुटी ग्रॅनाइटचा पुतळा उभा आहे. म्हण अक्षरशः खरी झाली. तरी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरापाशी आलं की माझं मन अडतं.

1963 चा मे महिना. तिथं वर्णभेदाविरुद्ध किंगचा लढा चालू होता. नोकरीच्या धास्तीनं तुरुंगात जाणारी मोठी माणसं कमी पडू लागली, तेव्हा जेम्स बेव्हेल या सहकाऱ्यानं शाळेतली मुलं उतरवायचं सुचवलं. किंग घुटमळले, पण त्यांनी थांबवलं नाही. 2 मेला सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधून मुलं गात बाहेर पडली. शेकडो पकडली गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांचे कुत्रे आले, आगीच्या बंबांचे फवारे आले. त्या फोटोंनी अमेरिका हलली. पुढच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला.

पण म्हणीत दगडाला कुणी विचारत नाही. मुलं आपणहून आली, काही तर आईबापांचं न ऐकता, हे खरंच. आठ-दहा वर्षांच्या पोराचा होकार कितपत धरायचा? आणि न धरावा, तर रोजचा अपमान त्याच्या वाट्याला येताना कुणी त्याचं वय पाहिलं होतं?

शिवाय टाकी चालवणारा हात. आदल्या वर्षी जॉर्जियातल्या ऑल्बनीतल्या अशाच लढ्यात पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेटनं आपल्या माणसांना चारचौघांत मारहाण करू दिली नाही, आणि किंगना तिथून जवळजवळ रिकाम्या हातानं परतावं लागलं. म्हणजे बर्मिंगहॅममध्ये कुत्रे नि फवारे सोडणाऱ्या पोलिसांचा वरिष्ठ बुल कॉनर, त्याचा क्रूरपणा हवाच होता? हा विचार मला सोसत नाही, आणि सोडवतही नाही.

टाकी म्हटलं की मला देव आठवत नाही, जातं आठवतं. आमच्या गल्लीत वडारणी यायच्या, टाकी लावायची का म्हणून हाक देत. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घसरतो. मग ती बाई तळी उलटी टाकून बसायची, डोळे बारीक करून, आणि कपचे उडत राहायचे. पहिलं दळण आजी टाकून द्यायची, दाताखाली कच येते म्हणून. काही महिन्यांनी पुन्हा तेच. एवढे घाव खाऊन जात्याला देवपण कसलं? ते पुन्हा दळायला लागायचं, इतकंच. किंगचंही तसंच. 1966 मध्ये शिकागोत त्यांच्या डोक्याला दगड लागला, तेव्हा नागरी हक्कांचा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. त्या वर्षीच्या गॅलप चाचणीत बहुसंख्य अमेरिकनांचं त्यांच्याविषयीचं मत प्रतिकूल होतं.

आणि ते पहिलं दळण? 15 सप्टेंबर 1963 ला, मुलं जिथून गात निघाली होती त्याच बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला. रविवारच्या प्रार्थनेच्या तयारीत असलेल्या चार मुली गेल्या. तिघी 14 वर्षांच्या, एक 11 ची. तिघींच्या अंत्यविधीत किंग म्हणाले की निरपराधाच्या दुःखात तारण्याची शक्ती असते. समोर त्यांच्या आया बसलेल्या असताना असं म्हणायला माणसाची श्रद्धा केवढी असावी लागेल! की म्हणण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं? मी कधी एका बाजूला झुकतो, कधी दुसऱ्या.