साठ तीन म्हणजेच त्रेसष्ट

व्यापारी घरात मुलाची हुशारी बहुधा हिशेबावरून जोखली जाते. आजोबांनी ‘त्रेसष्ट’ सांगावे आणि नातवाने ३६ लिहावे, की ‘याचे लक्षच नाही’ असा निवाडा होतो. अशा चुका वाढल्या की मूल मठ्ठ ठरते आणि हळूहळू वहीलाच भिऊ लागते.

वस्तुतः त्याने ऐकले त्याच क्रमाने लिहिलेले असते. त्रेसष्ट उच्चारताना तीन आधी येतात, साठ मागून; लिहिताना मात्र सहा आधी. एकोणपन्नास या शब्दात तर चारही ऐकू येत नाहीत आणि नऊही. बहुतेक मुले सरावाने ही अडचण ओलांडतात. ज्यांना अंकांची जुळणी मुळातच जड जाते, ती तेथेच अडखळतात.

मुरुम हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. तेथे कानी पडणाऱ्या कन्नडमध्ये तेवीसला ‘इप्पत्तमूरु’, म्हणजे वीस-तीन, म्हणतात. जो क्रम बोलण्याचा, तोच लिहिण्याचा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. भाषा बिघडेल, अशी भीती व्यक्त झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणी सांगून या बदलाची बाजू मांडली. पुस्तकात जुनी नावेही होतीच, हे त्या गदारोळात मागे पडले.

सोपे करणे म्हणजे कमी शिकवणे नव्हे. ज्याला पोते उचलत नाही, त्या गिऱ्हाइकाला दुकानदार तोच माल पुड्या बांधून देतो. माल बदलत नाही, मापही मारत नाही. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी मुलापुढे मांडावीत. त्याने ‘साठ तीन’ म्हणावे आणि ६३ लिहावे. हात बसला, की याच संख्येचे नाव त्रेसष्ट, हे सांगावे. एका वेळी एकच पायरी.

एवढे करूनही अडखळणे राहिले, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणीने घराण्याची प्रतिष्ठा जात नाही. वर्षानुवर्षे मठ्ठ म्हणवून घेणाऱ्या मुलाचा स्वतःवरील विश्वास मात्र जातो, आणि तो कोणत्याही शिकवणीने सहजासहजी परत मिळत नाही.