पाहुणे येणार, पण कुठे?

जन्म इथला, शाळा इथली, कॉलेजची पहिली दोन वर्षेसुद्धा इथलीच; आणि या दिवाळीत पुण्याहून येऊन लेक मला म्हणते, "आई, दोन दिवस मला रत्नागिरी परक्या माणसासारखी बघायचीय. तू चल बरोबर."

कारण ऐकून मी हातातली करंजी तशीच परातीत ठेवली. लेक संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते हे ठाऊक होते. पण नोकरी सांभाळून ती रात्री 'डेबियन'चेही काम करते. १९९३ साली सुरू झालेली ही संगणकप्रणाली. देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून, बहुतेक जण बिनपगारी, ती लिहितात आणि ती वापरायला सर्वांना मोफत. वर्षातून एकदा ही मंडळी एका गावी जमतात. पहिला मेळा २००० साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात भरला. आपल्या देशात तो पहिल्यांदा आला २०२३ च्या सप्टेंबरात, कोचीला.

"मग रत्नागिरीला का नाही?" मी पटकन विचारले. झाले, तेवढेच निमित्त.

गाव निवडायची पद्धत मोठी गमतीची आहे. आमंत्रण आपणच लेखी द्यायचे. सभागृह कसे, राहायला किती खोल्या, विमानतळापासून किती लांब, खर्च किती, व्हिसा मिळायला त्रास किती, इंटरनेट भरवशाचे आहे का, आणि मुख्य म्हणजे राबणारी स्थानिक माणसे आहेत का, हे सगळे त्यात मांडायचे. मग समिती आलेल्या गावांची तुलना करून निकाल देते. म्हटलं, ही तर वधूपरीक्षाच की! आपल्या साहित्य संमेलनासाठी महामंडळाची स्थळ निवड समिती गावोगाव फिरते, तसेच हे.

सकाळी आम्ही स्टेशनापासून सुरुवात केली. आपले स्टेशन गावापासून लांब. लेकीने रिक्षाला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून वहीत लिहिले. परदेशी पाहुण्याने मुंबईला उतरून पुढे रेल्वेने पाच-सहा तास यायचे. महामार्गाचे मी नावच काढले नाही. नाट्यगृह बाहेरून पाहिले, कॉलेज पाहिले, लॉजमध्ये खोल्या मोजल्या. एका ठिकाणी मालकाने "लग्न आहे का?" असे विचारले. लेक म्हणाली, "तसंच समजा, वऱ्हाड तीन-चारशेचं." त्याने कानाला हात लावला.

दुपारी थिबा पॅलेसला गेलो. लहानपणी सहलीला जाऊन गेलेली, पण या वेळी तिथल्या व्हरांड्यात मला वेगळेच सुचले. ब्रह्मदेशाच्या राजाला पदच्युत करून इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणले. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ साली राजा इथेच वारला, मायदेश पुन्हा न पाहता. सावरकरांनाही १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले. म्हणजे इंग्रजांनीही गाव निवडलेच होते की! फक्त येणे-जाणे अवघड म्हणून निवडले. जे त्यांना सोयीचे, ते आज आमच्या लेकीच्या वहीत गैरसोय म्हणून लिहिले जात होते. मी हे बोलून दाखवले तेव्हा ती हसली, पण वही मिटून ठेवली.

संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर भेळ खात तिने निकाल सांगितला. "आई, नाही जमायचं. एवढ्या खोल्या एका जागी नाहीत. विमान नाही. आणि मेळा पावसाळ्यात पडला तर गाड्यांचं वेळापत्रकच बदलतं."

खरे सांगते, मला लागले. गावाला नाव ठेवले म्हणून नव्हे. इथे काम नाही म्हणून ती पुण्याला गेली, आणि आता कामावरची माणसे चार दिवस पाहुणी म्हणूनसुद्धा इथे येणार नाहीत, याचे वाईट वाटले. मी म्हटले, "१९९० साली मधु मंगेश कर्णिकांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथे झालं. माझ्या माहेरची सात माणसं आपल्या दोन खोल्यांत उतरली होती. कुणी तक्रार केली?"

"ती माहेरची होती," ती म्हणाली. यावर काय बोलणार!

पण मग तीच सांगू लागली. २०१३ चा मेळा म्हणे स्वित्झर्लंडमध्ये व्होमार्क्यु नावाच्या तळ्याकाठच्या खेड्यात झाला होता. दरवर्षी एका रात्री जो तो आपल्या देशाचे चीज आणतो आणि सगळे मिळून खातात. आपण भिशीला डबा नेतो तसेच. म्हणजे खेड्याचे यांना वावडे नाही. उलट मोठ्या नावानेही काम होतेच असे नाही. २००९ चे आपले साहित्य संमेलन सॅनफ्रान्सिस्कोला न्यायचे ठरले, तेव्हा केवढा वाद झाला! अखेर ते महाबळेश्वरला भरले आणि अमेरिकेत वेगळे विश्व संमेलन झाले.

रात्री आमच्या ह्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तीनशे नको. तीस जण आले तर?"

लेक गप्प झाली. वही पुन्हा उघडली. तीस माणसांना कॉलेजचा एक वर्ग पुरतो. इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्यायच्या, एक बंद पडली तर दुसरी. वीज गेली तर जनरेटर. भारतातलीच मंडळी, म्हणजे व्हिसा नको. जानेवारीत ऊन सोसवते, पाऊस नाही, आणि एक दुपार भाट्याच्या सुरूच्या बनात काढता येते. पुण्या-मुंबईची पोरे रात्रीच्या गाडीने सकाळी इथे.

"जेवणाचं काय करायचं?" तिने विचारले.

"त्यातले मासे खाणारे किती, न खाणारे किती, ते आधी विचारून घे," मी म्हटले. "आणि सोलकढी घालून मी दोन्हीकडे उभी राहीन."

तिने ते लिहून घेतले. वरती तारखेच्या जागी नुसते 'जानेवारी' लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.